जुन्या मोटारीचा भरवसा आणि दुरुस्तीचा हिशेब

मोटारगाडी दहा-बारा वर्षांची झाली म्हणजे तिच्या मालकापुढे एक प्रश्न वारंवार उभा राहू लागतो. गाडी गॅरेजमध्ये जाते, मिस्त्री तिचे बॉनेट उघडतो, कागदाच्या तुकड्यावर आकडे मांडतो आणि त्या आकड्यांची बेरीज ऐकून मालकाला वाटते, की आता हिच्यावर खर्च करण्यात अर्थ नाही. काही मालक त्याच क्षणी गाडी विकून टाकतात. काही जण मुकाट्याने पैसे देतात आणि पुढच्या बिलाची वाट पाहत राहतात. या दोन्ही प्रकारच्या मालकांनी निर्णय घेतलेला असतो खरा, परंतु तो हिशेबाने घेतलेला नसतो. जुनी गाडी केव्हा भरवशाची राहते, केव्हा राहत नाही आणि तिच्या दुरुस्तीवर किती खर्च करणे शहाणपणाचे ठरते, याचा विचार या प्रकरणात करावयाचा आहे.

पद्मिनीचा दाखला

गाडीचे आयुष्य कशावर अवलंबून असते हे समजून घेण्यासाठी मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीइतके चांगले उदाहरण दुसरे मिळणे कठीण आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्स या कंपनीच्या कुर्ला येथील कारखान्यात इटलीच्या फियाट कंपनीच्या रचनेवरून ११०० या जातीच्या गाड्या तयार होत असत. पुढे १९७०च्या दशकात याच गाडीला ‘पद्मिनी’ हे नाव मिळाले. १,०८९ घन सेंटिमीटर क्षमतेचे चार सिलिंडरचे इंजिन आणि सुकाणूच्या दांड्यालगत बसवलेला गिअरचा दांडा अशी तिची साधी रचना होती. या शतकाच्या आरंभी तिचे उत्पादन थांबले. मुंबईतील शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या परिवहन कार्यालयात झाली. टॅक्सीसाठी वीस वर्षांची वयोमर्यादा ठरलेली असल्यामुळे ऑक्टोबर २०२३च्या अखेरीस ही गाडी टॅक्सी म्हणून मुंबईच्या रस्त्यांवरून कायमची गेली.

या इतिहासातील एक गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. पुष्कळ टॅक्सी दिवसाच्या दोन पाळ्यांत, दोन निरनिराळ्या चालकांच्या हाती चालत. समुद्राकाठची खारट हवा, पावसाळ्यात तुंबलेले पाणी आणि दर शंभर पावलांवर दाबावा लागणारा क्लच हे सारे सोसून या गाड्या वीस वर्षे टिकल्या. त्या काही फार उच्च प्रतीच्या पोलादाच्या होत्या म्हणून टिकल्या नाहीत. त्यांचा प्रत्येक भाग सुटा मिळत होता, तो कोणत्याही नाक्यावरच्या मिस्त्रीला बसवता येत होता आणि झिजलेला भाग पुन्हा वापरण्याजोगा करण्याची विद्या शहरभर पसरलेली होती. सिलिंडर झिजले की ते बोअर करून घ्यावयाचे, त्यात किंचित मोठ्या मापाचे दट्ट्ये बसवावयाचे आणि इंजिन पुन्हा बांधावयाचे, ही नेहमीची रीत होती. खर्च येई, परंतु तो कधी येणार आणि साधारण किती येणार हे चालकाला आधीच ठाऊक असे. गाडी शेवटी थांबली ती कायद्याने घातलेल्या मर्यादेमुळे, आणि उत्पादन बंद पडल्यानंतर सुटे भाग दुर्मिळ होत गेल्यामुळे तिची अखेरची वर्षेही कठीण झाली.

यावरून पहिला निष्कर्ष निघतो तो असा. गाडीचे वय हे तिच्या भरवशाचे माप नव्हे. भाग मिळतात काय, ते बसवणारा हात उपलब्ध आहे काय, आणि खर्च अपेक्षित आहे की अनपेक्षित, या तीन प्रश्नांच्या उत्तरांवर जुन्या गाडीचा भरवसा ठरतो.

याच गोष्टीचे दुसरे टोक अमेरिकेत पाहावयास मिळते. न्यूयॉर्कजवळील लाँग आयलंड येथील विज्ञानाचे शिक्षक अर्व्ह गॉर्डन यांनी १९६६ साली व्होल्वो कंपनीची पी १८०० ही गाडी खरेदी केली. सप्टेंबर २०१३ मध्ये या एकाच गाडीने तीस लक्ष मैलांचा, म्हणजे सुमारे अठ्ठेचाळीस लक्ष किलोमीटरचा पल्ला पूर्ण केला. तिचे इंजिन प्रथमच खोलून बांधावे लागले ते सहा लक्ष ऐंशी हजार मैलांनंतर. गॉर्डन यांच्या पद्धतीत काही गूढ नव्हते. वंगणाचे तेल वेळेवर बदलणे, उत्पादकाच्या पुस्तिकेत सांगितलेली देखभाल न चुकता करणे आणि लहान आवाजाकडेही दुर्लक्ष न करणे, एवढेच ते करीत असत.

बिघाडाचे तीन काळ

यंत्रांच्या विश्वसनीयतेचा अभ्यास करणारे अभियंते बिघाडांचा एक आलेख काढतात. त्याचा आकार स्नानाच्या टबासारखा असतो: आरंभी उंच, मध्ये सपाट आणि शेवटी पुन्हा चढत जाणारा. यंत्र नवे असताना जुळणीतील चुका आणि सदोष भाग उघडे पडतात, म्हणून आरंभी बिघाडांचे प्रमाण जास्त असते. उत्पादक जी हमी देतो ती मुख्यतः या काळासाठी. त्यानंतर दीर्घ स्थिर काळ येतो. या काळात बिघाड थोडे आणि आकस्मिक असतात. तिसऱ्या काळात झीज, धातूचा थकवा, गंज आणि रबराचे कठीण होणे यांमुळे आलेख वर चढू लागतो.

मोटारमालकांचा सामान्य समज असा असतो, की संपूर्ण गाडी एकदमच या तिसऱ्या काळात प्रवेश करते. वस्तुतः गाडी हे एक यंत्र नसून शेकडो यंत्रांची जुळणी आहे आणि त्यांतील प्रत्येकाचा आलेख निराळा असतो. बॅटरीचा टब तीन-चार वर्षांत संपतो, टायरचा सहा-सात वर्षांत, रबरी नळ्यांचा आठ-दहा वर्षांत, तर चांगले वंगण मिळालेल्या इंजिनाचा वीस वर्षांतही संपत नाही. म्हणून बारा वर्षांच्या गाडीत काही भाग म्हातारे, काही प्रौढ आणि नुकतेच बदललेले काही भाग बालवयाचे असतात. दहाव्या ते बाराव्या वर्षाच्या सुमारास मात्र अनेक रबरी, प्लास्टिकच्या आणि विजेच्या भागांची मुदत एकाच वेळी भरते. बिले लागोपाठ येऊ लागतात आणि गाडी आता संपली असा मालकाचा ग्रह होतो. खरे पाहता हा एक टप्पा असतो. तो नीट पार पडला तर पुढची काही वर्षे पुन्हा शांततेची जातात.

स्वस्त भाग आणि महाग भाग

महागड्या दुरुस्त्यांची यादी पाहिली तर एक गोष्ट ध्यानात येते. त्यांपैकी बहुतेक दुरुस्त्यांचे मूळ एखाद्या स्वस्त भागात असते.

इंजिन थंड ठेवण्याच्या व्यवस्थेचे उदाहरण घ्यावे. रेडिएटरचे झाकण हे प्रेशर कुकरच्या शिटीचे काम करते. आतील दाब वाढला म्हणजे पाण्याचा उत्कलनबिंदू वाढतो आणि शंभर अंशांच्या वर तापूनही द्रव उकळत नाही. या झाकणाची रबरी चकती कठीण झाली, की दाब टिकत नाही आणि पाणी हळूहळू निघून जाते. मालक नळाचे पाणी भरतो. त्या पाण्यातील क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत साचतात, कूलंटमधील गंजरोधक द्रव्य पातळ होत जाते आणि पाण्याच्या पंपाचे पाते झिजते. मग एका दुपारी तापमानाचा काटा लाल पट्ट्यात जातो. ‘घर जवळच आहे’ म्हणून गाडी आणखी दोन-तीन किलोमीटर रेटली जाते. ॲल्युमिनियमचे सिलिंडर हेड उष्णतेने वाकते, हेड गॅस्केट फुटते आणि पाणी वंगणात मिसळते. झाकण, नळ्या आणि कूलंट यांचा खर्च काही हजारांत भागला असता, त्या ठिकाणी आता इंजिन उतरवण्याची वेळ येते.

टायमिंग बेल्टची गोष्टही अशीच. हा दातेरी रबरी पट्टा दट्ट्ये आणि झडपा यांच्या हालचालींचा मेळ राखतो. उत्पादक त्याच्या बदलाचे अंतर आणि वर्षे दोन्ही नमूद करतात, परंतु गाडी कमी चालते म्हणून वर्षांकडे दुर्लक्ष केले जाते. कित्येक इंजिनांची रचना अशी असते, की पट्टा तुटताच वर येणारा दट्ट्या उघड्या झडपेवर आदळतो आणि झडपा वाकतात. या पट्ट्याचा तुटण्यापूर्वी आवाज येईलच असे नाही. ज्या इंजिनांत पट्ट्याऐवजी साखळी असते तेथेही वंगण वेळेवर न बदलल्यास साखळी ताणली जाते. आपल्या गाडीत पट्टा आहे की साखळी, हे प्रत्येक मालकाला ठाऊक असावयास हवे.

ब्रेकच्या तेलाबद्दल तर फारच थोडे मालक जागरूक असतात. हे तेल हवेतील ओलावा शोषून घेते. डॉट ३ या प्रतीच्या ताज्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असतो, ओलावा शोषलेल्या तेलाचा तो १४० अंशांपर्यंत खाली येऊ शकतो. दीर्घ उतारावर ब्रेक तापले म्हणजे असे तेल उकळते, नळीत वाफेचे बुडबुडे होतात आणि पायाखालचे पेडल पोकळ लागते. दर दोन वर्षांनी हे तेल बदलण्याचा खर्च एका टायरच्या किमतीहूनही कमी असतो.

रायपूरची हवा आणि रस्ते

हे सामान्य नियम प्रत्येक गावी सारख्याच वेगाने लागू पडत नाहीत. हवामान, धूळ आणि गाडी चालवण्याची रीत यांनुसार भागांचे आयुष्य बदलते. छत्तीसगडची राजधानी रायपूर येथील चौबे कॉलोनीचे उदाहरण या दृष्टीने उपयुक्त ठरेल. महाराष्ट्र मंडळाची वास्तू याच वसाहतीत आहे आणि विदर्भाशी नाते राखून असलेली मराठी कुटुंबे या शहरात पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. अशा घरातील मोटारीचे काम साधारणपणे दोन प्रकारचे असते. रोजचे काम बाजार, शाळा, दवाखाना अशा दोन-चार किलोमीटरच्या फेऱ्यांचे. आणि वर्षातून काही वेळा लग्नकार्य, दिवाळी किंवा आजारपण यांनिमित्त दुर्ग, राजनांदगाव, साकोली, भंडारा या मार्गाने नागपूरचा सुमारे २९० किलोमीटरचा प्रवास.

या दोन्ही कामांचा ताण निराळा आहे. लहान फेऱ्यांत इंजिन पुरेसे तापत नाही. ज्वलनातून निर्माण झालेली पाण्याची वाफ वंगणात आणि धूर जाण्याच्या नळीत थिजते. त्यामुळे तेल लवकर खराब होते, सायलेन्सर आतून गंजतो आणि बॅटरी पूर्ण भारित होत नाही. वर्षाला पाच हजार किलोमीटरच चालणाऱ्या अशा गाडीचे वंगण किलोमीटरांच्या हिशेबाने न बदलता वर्षाच्या हिशेबाने बदलले पाहिजे. उलटपक्षी, लांबच्या प्रवासात इतके दिवस झाकलेले दोष एकदम उघडे होतात. शहरात कधीही न तापलेली गाडी मे महिन्याच्या दुपारी राजनांदगावच्या पुढे तापते, याचे कारण हेच.

रायपूरच्या उन्हाळ्यात पारा ४४-४५ अंशांवर जाणे नवलाचे नाही. उन्हात उभ्या असलेल्या गाडीतील रबर, प्लास्टिक आणि बॅटरी यांचे वय या दिवसांत झपाट्याने वाढते. बॅटरी हिवाळ्याच्या सकाळी दगा देते, परंतु तिचे नुकसान झालेले असते उन्हाळ्यात. टायरवर खाच बरीच शिल्लक दिसते, म्हणून तो चांगला आहे असे मानले जाते. वस्तुतः टायरच्या कडेला उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष चार अंकांत कोरलेले असते. ‘२३१९’ असे अंक असल्यास तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला असे समजावे. सहा वर्षांनंतर टायरची दरवर्षी तपासणी करावी आणि दहा वर्षांनंतर खाच कितीही असली तरी तो वापरू नये. उरला आणि सिलतरा येथील औद्योगिक पट्ट्यातून येणारी काळी धूळ हवेच्या गाळणीत साचते, म्हणून गाळणी पुस्तिकेतील मुदतीच्या आधीच तपासणे हितावह असते. जगदलपूरकडे जाताना लागणारा केशकालचा घाट उतरावयाचा असेल, तर वर सांगितलेल्या ब्रेकच्या तेलाची परीक्षा तेथे होते.

इंधनातील बदलाचाही येथे विचार केला पाहिजे. वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलची विक्री २०२३ पासून टप्प्याटप्प्याने सुरू झाली आणि २०२५ पर्यंत ते देशभर सर्वसाधारण पेट्रोल बनले. त्यापूर्वीच्या बहुतेक गाड्या या मिश्रणासाठी रचलेल्या नव्हत्या. इथेनॉलमध्ये ऊर्जा कमी असल्याने अशा गाड्यांचे इंधन काहीसे जास्त जळते. नीति आयोगाच्या २०२१च्या अहवालात जुन्या रचनेच्या चारचाकी गाड्यांसाठी ही घट सहा ते सात टक्के धरलेली होती. इथेनॉल पाणी ओढून घेते आणि काही जुन्या जातीच्या रबराला अपाय करते. त्यामुळे जुन्या गाडीच्या इंधनाच्या नळ्या, त्यांचे सांधे आणि इंधनाची गाळणी यांची तपासणी दरवर्षी करणे आवश्यक ठरते. इंधनाचा वास आला तर ती तपासणी उद्यावर टाकू नये.

नव्या रचनेच्या गाड्यांचे वार्धक्य

पद्मिनीच्या काळची गाडी आणि आजची गाडी यांच्या वार्धक्यात मूलभूत फरक आहे. आजचे इंजिन अधिक काटेकोर मापाचे असते, त्याचे वंगण अधिक चांगले असते आणि पत्र्यावरील गंजरोधक थरही अधिक टिकाऊ असतो. त्यामुळे यांत्रिक झीज कमी झाली आहे. अमेरिकेत वापरात असलेल्या मोटारींचे सरासरी वय २०२४ साली १२.६ वर्षांवर पोहोचले होते, हे या सुधारणेचेच एक गमक आहे. परंतु बिघाड कमी वेळा होत असला तरी तो झाल्यावर येणारा खर्च मोठा झाला आहे. पूर्वी भाग सुटा बदलला जाई, आता संपूर्ण जुळणीच बदलावी लागते. दिव्याचा बल्ब जाण्याऐवजी संपूर्ण दिवा जातो. संवेदक, इलेक्ट्रॉनिक नियंत्रक, स्वयंचलित गिअर, टर्बो आणि एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज ६ या निकषांनुसार डिझेल गाड्यांत बसवलेली काजळीची गाळणी, हे सारे भाग मिस्त्रीच्या हातोडीला आणि पान्याला दाद देत नाहीत.

येथेही मूळ नियम बदलत नाही. काजळीची गाळणी स्वच्छ होण्यासाठी इंजिनाला अधूनमधून लांब आणि वेगाचा प्रवास घडावा लागतो. शहरातल्या शहरात दोन किलोमीटरच्या फेऱ्या मारणाऱ्या कुटुंबाने डिझेलची गाडी घेतली, तर ही महागडी गाळणी चोंदण्याचा संभव वाढतो. म्हणजे दहा वर्षांनंतरच्या दुरुस्तीचा बराचसा भाग गाडी खरेदी करण्याच्या दिवशीच ठरलेला असतो. ज्या गाडीची विक्री मोठी आहे, जिचे भाग लहान शहरातही मिळतात आणि जिची रचना आपल्या वापराला अनुरूप आहे, ती गाडी वार्धक्यात स्वस्त पडते. १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिल्या ग्राहकाच्या स्वाधीन झालेली मारुती ८०० ही गाडी तीस वर्षे तयार होत राहिली आणि तिचे उत्पादन २०१४ मध्ये थांबल्यानंतरही ती गावोगावी धावत राहिली, त्याचे कारण याच तीन गोष्टींत आहे.

हिशेब कसा मांडावा

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. मोठे बिल समोर आले असता काय करावे? चौबे कॉलोनीतील एका सेवानिवृत्त दांपत्याचे कल्पित उदाहरण घेऊ. त्यांची पेट्रोलवर चालणारी लहान गाडी चौदा वर्षांची असून ती ९५,००० किलोमीटर चालली आहे. मिस्त्रीने क्लच, रेडिएटर, पुढचे शॉकअब्सॉर्बर, टायमिंग बेल्ट आणि चार टायर मिळून ६२,००० रुपयांचा अंदाज दिला आहे. आहे त्या स्थितीत गाडीला गिऱ्हाईक ७०,००० रुपये देते. सर्वत्र सांगितला जाणारा ठोकताळा असा, की दुरुस्ती गाडीच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त झाली की गाडी काढून टाकावी. या न्यायाने प्रश्न तेथेच संपतो.

हा ठोकताळा चुकीचा आहे, कारण त्यात तुलना चुकीच्या दोन गोष्टींची होते. दुरुस्तीची तुलना गाडीच्या बाजारभावाशी न करता, गाडी नसल्यास जे करावे लागेल त्याच्या खर्चाशी केली पाहिजे. पुढील चार वर्षांचा हिशेब मांडून पाहावा. यातील आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत, प्रत्येकाने आपले आकडे घालावेत.

गाडी ठेवल्यास: मोठी दुरुस्ती ६२,००० रुपये. नेहमीची देखभाल वर्षाला १६,००० प्रमाणे ६४,०००. विमा वर्षाला ५,००० प्रमाणे २०,०००. नोंदणीचे नूतनीकरण आणि त्यासोबतचा किरकोळ खर्च ८,०००. गाडीच्या किमतीतील घट, ७०,००० वरून ४०,०००, म्हणजे ३०,०००. एकूण १,८४,००० रुपये, अर्थात वर्षाला ४६,०००.

आठ लाखांची नवी गाडी घेतल्यास: चार वर्षांनी तिची किंमत ४,६०,००० राहील असे धरले तर घट ३,४०,०००. विमा वर्षाला २२,००० प्रमाणे ८८,०००. देखभाल वर्षाला ८,००० प्रमाणे ३२,०००. सरासरी सहा लाख रुपये गाडीत गुंतून पडल्याने बुडणारे व्याज, सहा टक्क्यांनी वर्षाला ३६,००० प्रमाणे १,४४,०००. एकूण ६,०४,००० रुपये, अर्थात वर्षाला १,५१,०००.

दोन्हींतील अंतर वर्षाला एक लाख पाच हजार रुपयांचे आहे. म्हणजे जुन्या गाडीने यानंतर दरवर्षी असेच ६२,००० रुपयांचे बिल आणले, तरीही ती नवीपेक्षा स्वस्तच पडेल. मोठे बिल एका दिवशी येते म्हणून ते डोळ्यांत भरते. नव्या गाडीची घट रोज थोडी थोडी होते आणि तिचे बिल कोणी पाठवीत नाही, म्हणून ती दिसत नाही.

हिशेब मांडताना आणखी एक पथ्य पाळावे. ‘गेल्या वर्षी पंचवीस हजार घातले आहेत, आता सोडून कशी द्यावी’ हा विचार हिशेबात येऊ देऊ नये. गेलेले पैसे गाडी ठेवली तरी परत येत नाहीत आणि विकली तरी परत येत नाहीत. निर्णय पुढच्या खर्चावर घ्यावयाचा असतो. मागच्या खर्चाचा उपयोग एवढाच, की कोणते भाग नवे आहेत हे त्यावरून कळते.

नोंदणीच्या खर्चाचीही आगाऊ कल्पना असावी. खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षे वैध असते, त्यानंतर दर पाच वर्षांनी तिचे नूतनीकरण करावे लागते आणि त्यापूर्वी गाडी तपासणीत उत्तीर्ण व्हावी लागते. एप्रिल २०२२ पासून हे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले. ऑगस्ट २०२५ मधील दुरुस्तीने वीस वर्षांहून जुन्या मोटारींसाठी ते १०,००० रुपये करण्यात आले. चौदाव्या वर्षी मोठी दुरुस्ती करताना ती या तपासणीला उपयोगी पडेल अशा बेताने करावी.

हिशेबात न बसणाऱ्या गोष्टी

वरील बेरजेवरून जुनी गाडी केव्हाही ठेवावीच, असा अर्थ कोणी काढू नये. तीन प्रसंगी पैशाचा हिशेब बाजूला ठेवावा लागतो.

पहिला प्रसंग सांगाड्याच्या गंजाचा. दाराच्या कडेचा किंवा मडगार्डचा गंज दिसावयास वाईट असला तरी निरुपद्रवी असतो. परंतु चाकांचे आधार, तळाचे लांब तुळईसारखे भाग आणि आसनांचे जोड ज्या ठिकाणी आहेत तेथील पत्रा पोखरला गेला असेल, तर अपघातात गाडी माणसांना वाचवू शकत नाही. अशा गाडीत नवे इंजिन घालणे म्हणजे पडक्या भिंतीला नवे तावदान बसवणे होय.

दुसरा प्रसंग सुटे भाग न मिळण्याचा. ज्या उत्पादकाने देशातील व्यवसाय आवरला आहे त्याच्या गाडीचा एखादा लहान इलेक्ट्रॉनिक भाग मिळेपर्यंत गाडी महिनोन्‌महिने उभी राहू शकते. पद्मिनीच्या शेवटच्या काळाचा धडा हाच होता.

तिसरा प्रसंग सर्वांत महत्त्वाचा आणि तो माणसांचा आहे. ब्रेक लावताना चाके जखडू न देणारी एबीएस ही व्यवस्था भारतातील सर्व नव्या मोटारींना एप्रिल २०१९ पासून सक्तीची झाली आणि पुढच्या दोन्ही आसनांसाठी हवेच्या पिशव्या २०२१च्या अखेरीस. चौदा वर्षांच्या पुष्कळ लहान गाड्यांत या दोहोंपैकी काहीच नसते आणि कोणतीही दुरुस्ती ते आणून देत नाही. त्याचप्रमाणे घरात हृदयविकाराचा रुग्ण असेल आणि मध्यरात्री दवाखाना गाठावयाचा असेल, तर गाडी सुरू होईल की नाही ही शंका पैशात मोजता येत नाही. वरील उदाहरणातील दांपत्याने कदाचित वाचलेल्या रकमेतून नागपूरच्या प्रवासासाठी आगगाडीचे तिकीट काढावे, रात्रीच्या प्रसंगी रुग्णवाहिकेचा किंवा भाड्याच्या गाडीचा क्रमांक हाताशी ठेवावा आणि जुनी गाडी शहरापुरती वापरावी. महामार्गाचा प्रवास वारंवार करावाच लागत असेल, तर चार-पाच वर्षे वापरलेली आणि या सुरक्षा-साधनांनी युक्त अशी गाडी घेणे हा मधला मार्ग नव्या गाडीपेक्षा बराच स्वस्त पडतो, कारण किमतीतील सर्वांत मोठी घट पहिल्या मालकाने सोसलेली असते.

मिस्त्री आणि मालक

दुरुस्ती महाग होण्याचे एक कारण गाडीत नसून निदानात असते. अंदाजाने एकेक भाग बदलत जाण्याची पद्धत सर्वांत खर्चिक होय. इंजिनाची शक्ती कमी झाली असेल तर आधी सिलिंडरांतील दाब मोजून घ्यावा. इशाऱ्याचा दिवा लागला असेल तर निदानयंत्राने दोषाचा क्रमांक वाचून घ्यावा. मात्र तो क्रमांक केवळ दिशा दाखवतो, भाग खराब असल्याचा तो पुरावा नव्हे. तार तुटलेली असली किंवा उंदराने कुरतडलेली असली तरी तोच क्रमांक उमटू शकतो. बदललेला जुना भाग परत मागून घ्यावा. मोठ्या कामापूर्वी दुसऱ्या मिस्त्रीचे मत घेण्यात संकोच मानू नये.

पैसा एकदम उभा राहत नसेल तर कामांचा क्रम लावावा. प्रथम गाडी थांबवणारे आणि वळवणारे भाग, म्हणजे ब्रेक, टायर आणि सुकाणूचे सांधे. नंतर इंजिनाचा जीव राखणारे भाग, म्हणजे वंगण, शीतन आणि टायमिंग बेल्ट. त्यानंतर रस्त्यात अडकवणारे भाग, म्हणजे बॅटरी, क्लच आणि इंधनाचा पंप. वातानुकूलन, रंग आणि आसनांची आवरणे यांची पाळी सर्वांत शेवटी यावी. प्रत्यक्षात पुष्कळदा हा क्रम उलटा झालेला दिसतो.

शेवटी, जुन्या गाडीसाठी सर्वांत उपयुक्त साधन म्हणजे एक वही. कोणत्या दिवशी, किती किलोमीटरवर, कोणता भाग बदलला आणि किती पैसे लागले, एवढ्या चार गोष्टी त्या वहीत लिहिल्या गेल्या तर तीन वर्षांत मालकाला आपल्या गाडीचे वार्धक्य नेमके कोठे पोहोचले आहे ते कळू लागते. नवा मिस्त्री तिच्यावरून जुने दुखणे ओळखू शकतो आणि गाडी विकावयाची झाल्यास तीच वही तिची किंमत वाढवते. दरमहा ठरावीक रक्कम दुरुस्तीसाठी बाजूला ठेवण्याची सवय या वहीला जोडली, म्हणजे मोठे बिल येते तेव्हा ते घराच्या खर्चावर कोसळत नाही. भाग झिजणे अटळ आहे. परंतु कोणता भाग कधी झिजणार हे ठाऊक असलेल्या मालकाला जुनी गाडी फसवीत नाही, आणि तिला निरोप देण्याची वेळ आली आहे हेही तीच वही त्याला वेळेवर सांगते.